वनस्पतींपासून एन्झाइम शुद्ध करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी पपई, मुळा, अननस, मोड आलेलं धान्य असं काहीतरी घेऊन त्यातलं एन्झाइम वेगळं काढायला निघालेले विद्यार्थी दरवर्षी जवळपास तेच प्रश्न विचारतात. त्यातले बहुतेक कॉलमबद्दल, म्हणजे प्रथिनं वेगळी करणाऱ्या रेझिन भरलेल्या नळीबद्दल, असतात. वनस्पतींच्या बाबतीत मात्र काम बिघडतं ते कॉलमच्या कितीतरी आधी, खलात. म्हणून इथली उत्तरं त्या आधीच्या टप्प्यांवर जास्त रेंगाळली आहेत. उदाहरणं मुख्यतः तीन घेतली आहेत: पपईच्या चिकातलं प्रथिनं तोडणारं पपेन, मुळ्यातलं पेरॉक्सिडेज आणि शेंगवर्गीय बियांमधलं युरिया तोडणारं युरिएज.

यकृतातून एन्झाइम काढण्यापेक्षा पानातून काढणं अवघड का जातं?

पानाच्या पेशीला सेल्युलोजची टणक भिंत असते, ती फोडायला जोर लावावा लागतो. पण खरी अडचण भिंतीच्या आत आहे. वाढ झालेल्या वनस्पतिपेशीत ८० ते ९० टक्के जागा एकट्या रिक्तिकेने (द्रवाने भरलेल्या पिशवीने) व्यापलेली असते. तिच्यात आम्लं, फिनॉल, टॅनिन आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स (प्रोटिएज) साठवलेली असतात. जिवंत पेशीत हे सगळं पडद्याआड बंदिस्त असतं. तुम्ही पान वाटलं की पडदे फाटतात आणि सगळं एकत्र येतं. पीएच खाली घसरतो, प्रोटिएज तुमच्या एन्झाइमला तोडू लागतात, फिनॉल त्याला चिकटतात.

शिवाय प्रथिनाचं प्रमाणच कमी. पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा एकट्या रुबिस्कोचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातल्या एका एन्झाइमचा, असू शकतो. तुम्हाला हवं असलेलं एन्झाइम उरलेल्या गर्दीत कुठेतरी असतं. त्यात हरितद्रव्य, पेक्टिन आणि भेंडीसारख्या भाज्यांत बुळबुळीत म्युसिलेज असेल तर सेंट्रिफ्यूज केल्यावरही द्रावण स्वच्छ होत नाही.

मग सुरुवात कशापासून करावी?

पान टाळा. बी, कंद, मूळ किंवा चीक घ्या. बियांमध्ये पाणी कमी आणि प्रथिन भरपूर असतं. मुळ्यासारख्या पांढऱ्या मुळात हरितद्रव्य नसतं आणि पेरॉक्सिडेज मुबलक असतं. पपईचा चीक तर जवळजवळ तयार एक्स्ट्रॅक्टच आहे, कारण त्यातल्या प्रथिनांत बहुतांश प्रोटिएजच असतात.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला मी मुळ्याचं पेरॉक्सिडेज सुचवतो. ते दणकट आहे, उष्णता बऱ्यापैकी सोसतं, आणि ग्वायाकॉल व हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की काही सेकंदांत नारिंगी-तपकिरी रंग येतो. एन्झाइम कुठल्या फ्रॅक्शनमध्ये (वेगळ्या केलेल्या भागात) आहे हे डोळ्यांनी दिसतं. हॉर्सरॅडिशच्या मुळातलं पेरॉक्सिडेज जगभर एलायझा या निदान चाचणीच्या किटमध्ये वापरलं जातं, आणि मुळा त्याच मोहरीच्या कुळातला आहे.

पपेन दिसायला सोपं वाटतं, पण त्याचे स्वतःचे हट्ट आहेत. त्यांच्यासाठी खाली वेगळा प्रश्न ठेवला आहे.

वाटल्यावर द्रावण तपकिरी होतं. त्याने काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. हा रंग म्हणजे एक्स्ट्रॅक्टमध्ये रासायनिक क्रिया सुरू असल्याची खूण आहे. रिक्तिकेतले फिनॉल आणि प्लास्टिडमधलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज एकत्र आले, त्यांना हवेतला ऑक्सिजन मिळाला, की फिनॉलचे क्विनोन होतात. क्विनोन अत्यंत क्रियाशील असतात. प्रथिनांच्या अमिनो आणि थायॉल (गंधकाच्या) गटांना ते कायमचे जोडले जातात. अशा प्रथिनाचा भार बदलतो, आकार बदलतो, कधीकधी क्रियाशीलताच जाते. पुढे भारावर वेगळं करणाऱ्या आयन एक्स्चेंज कॉलमवर एकच एन्झाइम पसरट, विस्कटलेल्या शिखरात उतरतं आणि आपण कॉलमला दोष देतो.

वांगं किंवा बटाटा घेऊन हे समोर करून बघा. एक फोड साध्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटा, दुसरी थंडगार बफरमध्ये अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि पीव्हीपीपी (फिनॉल पकडणारं न विरघळणारं पॉलिमर) घालून वाटा. दोन्ही नळ्या स्टँडमध्ये शेजारी ठेवा. पहिलीचा वरचा थर, म्हणजे हवेला टेकलेला भाग, आधी गुलाबीसर आणि मग गढूळ तपकिरी होतो, आणि तो रंग हळूहळू खाली उतरतो. दुसरी बराच वेळ फिकट राहते. एवढं एकदा पाहिलं की बर्फ आधी भरून ठेवायची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही.

बफरमध्ये नेमकं काय काय घालावं?

सगळ्यांना चालेल अशी पाककृती नाही, पण प्रत्येक घटक कशासाठी आहे हे माहीत असलं की निवड करता येते.

बफर स्वतः जरा तगडा हवा. ५० ते १०० मिलिमोलर फॉस्फेट किंवा ट्रिस, पीएच ७ ते ७.५ च्या आसपास. १० मिलिमोलरचा बफर रिक्तिकेतल्या आम्लापुढे टिकत नाही. वाटून झाल्यावर पीएच पुन्हा मोजा. ही सवय फार थोड्या जणांना असते.

फिनॉल पकडायला पीव्हीपीपी, साधारण १ ते २ टक्के. हे पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आदल्या रात्री बफरमध्ये भिजवून फुगवून घ्या. ते फिनॉलसकट गाळून किंवा सेंट्रिफ्यूजने निघून जातं. विरघळणारं पीव्हीपी फिनॉल पकडतं खरं, पण ते एक्स्ट्रॅक्टमध्येच राहतं आणि पुढच्या टप्प्यांत नडतं.

क्विनोन परतवायला अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, मर्कॅप्टोइथेनॉल, डीटीटी किंवा मेटाबायसल्फाइट. यात एक मेख आहे. तुमचं एन्झाइमच पेरॉक्सिडेज असेल तर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल मापनात अडथळा आणतं. ग्वायाकॉलपासून तयार झालेला रंगीत पदार्थ ते लगेच परतवतं. ते संपेपर्यंत रंगच येत नाही आणि एन्झाइम मेलं असं वाटतं. अशा वेळी डायलिसिसनंतरच, म्हणजे सच्छिद्र पडद्याच्या पिशवीतून छोटे रेणू बाहेर गेल्यावरच, मोजा.

प्रोटिएजना आवरायला पीएमएसएफ आणि ईडीटीए घालतात. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. आयसोप्रोपेनॉलमध्ये साठा करून वाटायच्या क्षणी घाला. ईडीटीए डोळे मिटून घालू नका. पेरॉक्सिडेजच्या रेणूत कॅल्शियम असतं, पॉलिफिनॉल ऑक्सिडेजमध्ये तांबं, युरिएजमध्ये निकेल. जॅक बीन या शेंगवर्गीय वेलीच्या युरिएजमध्ये निकेल असल्याचं १९७५ साली कळलं, आणि निकेल असलेलं ते पहिलं ज्ञात एन्झाइम ठरलं. धातू ओढून घेणारा पदार्थ अशा एन्झाइमसाठी धोक्याचा ठरू शकतो.

घरचा मिक्सर चालेल का?

मुळा, बटाटा, भिजवलेल्या बिया यांना चालतो. भांडं आधी फ्रीजरमध्ये ठेवा, बफर बर्फासारखं थंड असू द्या, आणि थोडा थोडा वेळ थांबत फिरवा. सलग फिरवलं की पातं तापतं आणि फेस येतो. फेसाच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनं उलगडून निकामी होतात. धाग्याधाग्यांच्या पानांना द्रवरूप नायट्रोजन आणि खलबत्ता हाच खरा उपाय. वाटण चार पदरी मलमलमधून पिळून घ्या, मग सेंट्रिफ्यूज.

सेंट्रिफ्यूजबद्दल एक सांगायलाच हवं. रिपोर्टमध्ये नुसतं "१०,००० आरपीएम" लिहून काही कळत नाही, कारण ओढ रोटरच्या त्रिज्येवरही अवलंबून असते. ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला १०,००० आरपीएमवर सुमारे ८,९४० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटी) मिळतात. मोठ्या रोटरला त्याच वेगावर बरेच जास्त. नेहमी जी लिहा.

अ‍ॅसिटोन पावडर कशासाठी करतात?

फिनॉल, रंगद्रव्यं आणि तेल एकाच दणक्यात घालवायला. उणे २० अंशांवर थंड केलेलं अ‍ॅसिटोन घालून ऊती वाटायची, गाळायची, पुन्हा थंड अ‍ॅसिटोनने धुवायची आणि वाळवायची. हाती फिकट, कोरडी पावडर येते, जी फ्रीजरमध्ये ठेवून लागेल तेव्हा बफरमध्ये काढता येते. तेलबियांसाठी ही पद्धत उत्तम. अ‍ॅसिटोन थंड नसेल तर मात्र प्रथिनं कायमची बिघडतात. अ‍ॅसिटोनची वाफ लगेच पेट घेते, त्यामुळे आसपास बर्नर नको, आणि ते साध्या घरगुती फ्रीजरमध्ये ठेवू नका. आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरते.

अमोनियम सल्फेट किती घालायचं, आणि कसं?

तत्त्व साधं आहे. हे मीठ (इथे मीठ म्हणजे अमोनियम सल्फेट) पाण्याचे रेणू अडकवून ठेवतं, प्रथिनांना पाणी कमी पडतं, ती एकमेकांना चिकटून खाली बसतात. कुठलं प्रथिन किती टक्के संपृक्ततेला बसेल हे त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतं, म्हणून टप्प्याटप्प्याने मीठ वाढवलं की प्रथिनं गटागटाने वेगळी होतात.

किती ग्रॅम घालायचं ते तापमानानुसार बदलतं. ० अंशाला १०० मिली द्रावण शून्यावरून ४० टक्के संपृक्ततेला न्यायला २२.६ ग्रॅम लागतं, ८० टक्क्यांना न्यायला ५१.६ ग्रॅम. २५ अंशांसाठीचा तक्ता वेगळा आहे. बर्फात काम करायचं आणि आकडा खोलीच्या तापमानाचा घ्यायचा, हा घोटाळा सर्रास होतो.

पुस्तकात दिलेली टक्केवारी तशीच उचलू नका. दहा-दहा मिलीच्या सहा नळ्या घ्या आणि त्यांत अनुक्रमे २०, ३०, ४०, ५०, ६० आणि ८० टक्के मीठ घाला. सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रावणात किती क्रियाशीलता उरली ते मोजा. क्रियाशीलता घसरायला लागते त्याच्या जरा अलीकडे पहिला कट, ती संपते त्याच्या जरा पलीकडे दुसरा. एका दुपारचं काम आहे, पण पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

घालताना मीठ बारीक कुटून, चिमटीचिमटीने, बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये, चुंबकी ढवळणी संथ ठेवून घाला. ढीग टाकला तर त्या जागी संपृक्तता एकदम वाढते आणि नको ती प्रथिनंही बसतात. सगळं विरघळल्यावर अर्धा तास तरी थांबा. बफरचा पीएच ८ च्या वर असेल तर अमोनियाचा वास येऊ लागतो. तसं झालं की समजा, पीएच खाली आणायला हवा.

युरिएजवर काम करणाऱ्यांनी इथे दुप्पट सावध राहायचं. युरिएज मोजायचं म्हणजे बहुतेक वेळा तयार झालेला अमोनिया मोजायचा. अमोनिया मोजायला वापरतात त्या नेस्लर रिएजंटला तो युरियापासून आला की मिठातून, हे कळत नाही. डायलिसिस पूर्ण होईपर्यंतचे तुमचे सगळे आकडे फुगलेले असतील. अशा एन्झाइमसाठी अ‍ॅसिटोनने अवक्षेपण करणं जास्त शहाणपणाचं.

डायलिसिस रात्रभर ठेवावंच लागतं का?

लागतंच असं नाही. मोठ्या भांड्यात एकदाच रात्रभर ठेवण्यापेक्षा दोन-दोन तासांनी तीनदा बफर बदललं तर मीठ जास्त निघतं. पिशवी काठोकाठ भरू नका. मीठ बाहेर जाण्याआधी पाणी आत शिरतं आणि पिशवी फुगते. सेल्युलेजवर काम करत असाल तर सेल्युलोजची पिशवीच तुमच्या एन्झाइमचं खाद्य आहे. तिथे मीठ वेगळं काढणाऱ्या सेफाडेक्स जी-२५ जेलचा छोटा कॉलम वापरा.

कोणता कॉलम निवडू?

एन्झाइमचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला त्यावरचा एकूण भार शून्य होतो तो) माहीत असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे. बफरचा पीएच त्या बिंदूच्या वर असेल तर प्रथिनावर ऋण भार असतो आणि ते धन भाराच्या डीईएई कॉलमला चिकटतं. खाली असेल तर धन भार, मग ऋण भाराचा सीएम किंवा एसपी कॉलम. माहीत नसेल तर छोट्या नळ्यांत थोडं थोडं रेझिन वेगवेगळ्या पीएचच्या बफरमध्ये भिजवा, एन्झाइम घाला, हलवा, आणि वरच्या द्रावणात काय उरलं ते मोजा.

जेल फिल्ट्रेशन (आकारावर वेगळं करणं) हा शक्यतो शेवटचा टप्पा ठेवा. त्याला नमुना अगदी थोडा लागतो, कॉलमच्या आकारमानाच्या २ ते ४ टक्के. सुरुवातीलाच पन्नास मिली क्रूड (कच्चा अर्क) ओतलं तर काहीच वेगळं होत नाही आणि कॉलम मात्र घाण होतो.

वनस्पतींची बरीच बाहेर सोडली जाणारी एन्झाइम्स ग्लायकोप्रोटीन (साखरेच्या साखळ्या जोडलेली प्रथिनं) असतात, पेरॉक्सिडेजसुद्धा. त्यांच्यासाठी कॉन्कॅनाव्हॅलिन ए बसवलेला कॉलम फार उपयोगी. हे लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन, त्या साखळ्या धरतं, आणि नंतर मिथाइल मॅनोसाइड घातलं की एन्झाइम सोडतं. हे लेक्टिनही जॅक बीनमधूनच मिळतं. जॅक बीन ही आपल्या कोकणातल्या अबईच्याच प्रजातीतली (जीनसमधली) वेल.

पपेनच्या बाबतीत वेगळं काय करावं लागतं?

पपेन २१२ अमिनो आम्लांचं, सुमारे २३.४ किलोडाल्टनचं छोटं प्रथिन आहे. त्याची सगळी करामत २५ व्या क्रमांकाच्या सिस्टीनच्या थायॉल गटावर चालते. हा गट हवेत सहज ऑक्सिडाइज होतो. थोडं ऑक्सिडेशन झालं असेल तर सिस्टीन आणि ईडीटीए घालून ते परत जागं होतं. फार पुढे गेलं तर कायमचं संपतं. त्यामुळे बाजारातल्या पपेनच्या बाटलीत क्रियाशील रेणूंचं प्रमाण वजनावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट, ते स्वतःलाच खातं. म्हणून शुद्धीकरण चालू असताना थायॉल तात्पुरता झाकून ठेवणं बरं. सोडियम टेट्राथायोनेट त्यासाठी वापरतात. काम झाल्यावर सिस्टीन घालून झाकण काढायचं.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांना सर्वात जास्त फसवते. चिकात पपेन एकटं नसतं. कायमोपपेन, कॅरिकेन आणि ग्लायसिल एंडोपेप्टिडेज अशी त्याची भावंडं असतात, आणि प्रथिनांतला पपेनचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी असतो. या चौघांचं वजन २३-२४ किलोडाल्टनच्या घरातच आहे. जेल फिल्ट्रेशनने ते वेगळे होत नाहीत. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस-पेज जेलवर चौघं मिळून एकच सुरेख पट्टा देतात, आणि विद्यार्थी "शुद्ध पपेन" असं लिहून मोकळा होतो. यांना वेगळं करायचं तर भारावर करावं लागतं. चौघंही आम्लारी (बेसिक) प्रथिनं आहेत, म्हणून पीएच ५ च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये सीएम किंवा एसपी कॉलम आणि मिठाचा संथ चढ.

जुनी पद्धत अजूनही शिकण्यासारखी आहे. किमेल आणि स्मिथ यांनी १९५४ मध्ये दिलेली कृती अशी: वाळलेला चीक सिस्टीनच्या द्रावणात वाटायचा, पीएच ९ ला नेऊन न विरघळलेलं काढून टाकायचं, ४० टक्के संपृक्ततेला अमोनियम सल्फेटने अवक्षेप पाडायचा, तो विरघळवून १० टक्के साधं मीठ (सोडियम क्लोराइड) घालून पुन्हा पाडायचा, आणि शेवटी पीएच ६.५ ला थंडीत स्फटिक होऊ द्यायचे. एकही कॉलम नाही. प्रत्येक पायरी विद्राव्यतेवर उभी आहे.

त्याहून सुंदर मला थायॉल कॉलमची कल्पना वाटते. रेझिनवर डायसल्फाइड गट बसवलेला असतो. ज्या पपेन रेणूचा थायॉल शाबूत आहे तोच त्याच्याशी सहसंयुज बंध करून अडकतो. ऑक्सिडाइज होऊन निकामी झालेले रेणू सरळ खाली वाहून जातात. मग डीटीटी किंवा सिस्टीन घातलं की अडकलेले सुटतात. इथे जिवंत आणि मृत रेणू एकमेकांपासून वेगळे होतात, जे भारावर किंवा आकारावर चालणाऱ्या कुठल्याही कॉलमला जमत नाही.

चीक गोळा कसा करायचा? शेतकऱ्याला काय सांगू?

अडीच-तीन महिन्यांची हिरवी, कच्ची फळं निवडायची. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, फळावर देठाकडून टोकाकडे चार उभे चरे पाडायचे, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खोल. पातं स्टेनलेस स्टीलचं किंवा काचेचं हवं. लोखंड लागलं की चीक काळवंडतो आणि क्रियाशीलता जाते. चीक सुरुवातीला धार लागल्यासारखा वाहतो, मग थेंब होतात आणि थोड्याच वेळात चऱ्यावरच दह्यासारखा गोठतो. तीन-चार दिवसांच्या अंतराने त्याच फळावर न चिरलेल्या जागी पुन्हा चरे घेता येतात. चिकात थोडं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिसळून ५० ते ५५ अंशांत वाळवायचा. उघड्या उन्हात वाळवलेला चीक तपकिरी पडतो आणि दर्जा उतरतो.

नंदुरबार, धुळे, जळगाव भागात पपई भरपूर आहे, पण तिथली बहुतांश लागवड खाण्याच्या फळासाठीच्या वाणांची. जास्त चीक देणारे को-२, को-५ यांसारखे वाण कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने काढले आहेत. मांस मऊ करायला किंवा बिअर नितळ करायला जो पपेन जातो त्याला कॉलमची गरज नसते. नीट वाळवलेला, चाळलेला चीक पुरतो. शुद्धता किती हवी हे वापरावर ठरतं, आणि जास्त शुद्ध म्हणजे जास्त चांगलं असं समीकरण नाही.

शुद्धीकरण तक्ता कसा भरायचा?

प्रत्येक टप्प्यावर तीनच गोष्टी मोजायच्या: आकारमान, क्रियाशीलता आणि प्रथिन. बाकी सगळं त्यातून निघतं. समजा क्रूड १०० मिली आहे, त्यात एकूण ५०० मिग्रॅ प्रथिन आणि १,००० युनिट क्रियाशीलता. विशिष्ट क्रियाशीलता झाली २ युनिट प्रति मिग्रॅ. अमोनियम सल्फेटनंतर १२० मिग्रॅ प्रथिन आणि ७२० युनिट उरले तर विशिष्ट क्रियाशीलता ६, म्हणजे शुद्धता ३ पट आणि यील्ड ७२ टक्के. कॉलमनंतर १४ मिग्रॅ आणि ४२० युनिट, म्हणजे ३० युनिट प्रति मिग्रॅ, १५ पट, ४२ टक्के.

हा तक्ता रोजच्या रोज भरा. शेवटी भरायला घेतला की मधल्या एखाद्या टप्प्याचं आकारमान लिहिलेलं नसतं आणि मग सगळी साखळी तुटते. प्रत्येक टप्प्याचा एक मिली नमुना बाजूला काढून गोठवून ठेवा. काहीही फेकू नका, कॉलममधून न चिकटता गेलेलं द्रावणसुद्धा. एन्झाइम हरवलं की ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

प्रथिन मोजायला वनस्पतींच्या क्रूडसाठी ब्रॅडफर्ड बरी. लॉरी पद्धतीतला फोलिन रिएजंट फिनॉललाही रंग देतो, त्यामुळे क्रूडमधलं प्रथिन वाढीव दिसतं आणि पुढच्या टप्प्याची शुद्धता फुकटची वाढते. २८० नॅनोमीटरवर मोजण्याचीही तीच अडचण.

यील्ड १०० टक्क्यांच्या वर गेला. चूक झाली का?

झालीच असेल असं नाही. क्रूडमध्ये एन्झाइमला अडवणारा एखादा पदार्थ होता आणि तो निघून गेला, तर क्रियाशीलता खरोखरच वाढते. फिनॉल हे त्याचं नेहमीचं कारण. पण आधी साध्या गोष्टी तपासा. क्रूडचा नमुना इतका जोरकस होता का, की सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) संपून वेग चपटा झाला? क्रूड दोन-तीन वेगवेगळ्या पटींनी पातळ करून मोजा. आकडा पटीनुसार बदलला नाही तर मापन विश्वासार्ह. पपेनसाठी केसीन वापरत असाल तर प्रत्येक नमुन्याचा वेगळा ब्लँक (तुलनेसाठी क्रिया न झालेली नळी) लावा, ज्यात ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल आधी आणि एन्झाइम नंतर घातलं आहे. एक सामाईक ब्लँक क्रूडसाठी चालत नाही.

एन्झाइम शुद्ध झालं हे कशावरून म्हणायचं?

एका पुराव्यावरून कधीच नाही. एसडीएस-पेजवर एक पट्टा हवा, प्रथिन न उलगडता चालवलेल्या नेटिव्ह जेलवर एक पट्टा हवा, आणि नेटिव्ह जेलवर क्रियाशीलतेचा रंग दिल्यावर तो त्याच जागी उमटायला हवा. पपेनसारख्या प्रोटिएजचा नमुना एसडीएसमध्ये उकळण्याआधी ई-६४ या रोधकाने बंद करा, नाहीतर ते तापता तापता स्वतःचे तुकडे करतं आणि जेलवर खालपर्यंत फराटे दिसतात. पेरॉक्सिडेजसाठी आणखी एक सोय आहे. ४०३ नॅनोमीटरला हीम (त्यातला लोहयुक्त गट) दिसतो, २७५ ला प्रथिन. दोन्हींचं गुणोत्तर ३ च्या आसपास किंवा वर असेल तर हॉर्सरॅडिशचा नमुना शुद्ध मानतात. पण हे गुणोत्तर हीम असलेलं प्रथिन किती ते सांगतं, क्रियाशील किती ते नाही.

या प्रश्नावर एकेकाळी मोठा वाद झाला आणि तो वनस्पतींच्या एन्झाइम्सवरच झाला. १८३३ मध्ये पायाँ आणि पेर्सो यांनी माल्टच्या (मोड आणलेल्या जवाच्या) अर्कात अल्कोहोल घालून स्टार्च तोडणारं डायस्टेज वेगळं काढलं, तेव्हापासून एन्झाइम म्हणजे नेमकं काय हा प्रश्न लोंबकळत होता. नोबेल मिळवलेले रिचर्ड विलस्टेटर यांनी हॉर्सरॅडिशच्या पेरॉक्सिडेजचं इतकं शुद्धीकरण केलं की द्रावणात क्रियाशीलता होती, पण त्या काळच्या चाचण्यांना प्रथिन सापडेना. त्यांनी निष्कर्ष काढला की एन्झाइम प्रथिन नाही. खरं म्हणजे प्रथिन होतं, पण चाचणीच्या पकडीत येण्याइतकं नव्हतं, आणि एन्झाइम मात्र तेवढ्यावरही जोमाने काम करत होतं.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर १९१७ पासून जॅक बीनच्या पिठातून युरिएज काढत होते. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते डावखुरे होते. १९२६ मध्ये त्यांनी पीठ सुमारे ३२ टक्के अ‍ॅसिटोनमध्ये ढवळलं, गाळलं आणि थंडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाळलेल्या द्रावणाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात छोटे अष्टफलक स्फटिक होते. ते विरघळवल्यावर युरिएजची जबरदस्त क्रिया दिसली आणि प्रथिनाच्या सगळ्या चाचण्याही होकारार्थी आल्या. विलस्टेटर यांच्या गटाने ते लवकर मान्य केलं नाही. समनर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते १९४६ मध्ये. "प्रथिन दिसत नाही" आणि "प्रथिन नाही" यांतला फरक आजही तुमच्या जेलवर तसाच लागू आहे: कूमासी या नेहमीच्या रंगाला जे दिसत नाही ते कधीकधी जास्त संवेदनशील सिल्व्हर स्टेनला दिसतं.

आमच्या कॉलेजात कोल्ड रूम नाही, महाग कॉलमही नाहीत. प्रोजेक्ट होईल का?

होईल. थ्री फेज पार्टिशनिंग करा. स्वच्छ क्रूडमध्ये ३० ते ५० टक्के संपृक्ततेचं अमोनियम सल्फेट विरघळवा, तेवढंच टर्शरी ब्यूटेनॉल घाला, हलवा, तासभर ठेवून सेंट्रिफ्यूज करा. तीन थर होतात: वर ब्यूटेनॉलमध्ये रंगद्रव्यं आणि तेल, खाली मिठाचं पाणी, आणि मधोमध प्रथिनाची पातळ चकती. वरचा थर पिपेटने काढला की चकती अलगद उचलून बफरमध्ये विरघळवता येते. हे काम खोलीच्या तापमानाला करायचं असतं. टर्शरी ब्यूटेनॉल सुमारे २५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरात बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी लागते. कोल्ड रूम नसणं इथे अडचणीचं ठरत नाही.

मुळ्याच्या पेरॉक्सिडेजसाठी उष्णतेचाही उपयोग होतो. क्रूड ६० अंशांना दहा मिनिटं ठेवून पटकन बर्फात घाला. बरीच इतर प्रथिनं गोठून खाली बसतात. तुमच्या वाणासाठी नेमकं तापमान आधी थोड्या नमुन्यावर ठरवून घ्या.

शुद्ध एन्झाइम कसं साठवावं?

पातळ द्रावणात नाही. मिलीमागे एक मिग्रॅपेक्षा कमी प्रथिन असेल तर ते नळीच्या भिंतीलाच चिकटून संपतं. डायलिसिसची पिशवी कोरड्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये पुरून ठेवली तर पाणी ओढलं जातं आणि द्रावण दाट होतं. मग ग्लिसरॉल घालून उणे २० ला, छोट्या छोट्या भागांत, म्हणजे पुन्हा पुन्हा वितळवावं लागत नाही. अमोनियम सल्फेटमधला अवक्षेप तसाच ४ अंशांना ठेवला तरी बरीच एन्झाइम्स महिनोन्‌महिने टिकतात. ब्यूटेनॉल किंवा अ‍ॅसिटोनचा अंश राहिलेला नमुना मात्र तसाच ठेवू नका.

काही धोका असतो का?

पपेन, ब्रोमेलेन (अननसातलं), फिसिन (अंजिरातलं) यांची कोरडी पावडर हवेत उडाली आणि श्वासातून गेली तर दमा होऊ शकतो. एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या पावडरनेही त्रास होतो. तराजूजवळ पंखा बंद ठेवा, मास्क लावा, शक्य तर पावडर फ्यूम हूडमध्ये तोला. ताजा चीक कातडीला लागला तर चुरचुरतो, डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे जा. नेस्लर रिएजंटमध्ये पारा असतो, तो बेसिनमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या बाटलीत जमा करायचा.